घटस्फोट, खावटी आणि मुलांचा ताबा : खान्देशातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. नावं-गावं काढली आहेत, विचारण्याची पद्धत बरीचशी तशीच ठेवली आहे. वाचायला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घटस्फोट, पोटगी (म्हणजेच खावटी) आणि मुलांचा ताबा ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. कायदे वेगळे, अर्ज वेगळे, पुष्कळदा कोर्टही वेगळं. ‘पोरगं दे, मग फारकत देतो’, ‘खावटी सोड, मग पोरगं ने’ असले सौदे बैठकीत होतात आणि पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. इथली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या कागदांवर सल्ला तुमचा वकीलच देईल.

१. पंचांसमोर शंभराच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेतली, नोटरीही केली. घटस्फोट झाला ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमजही हाच. हिंदू विवाह कायदा 1955 लागू असलेल्या नवरा-बायकोचं लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. स्टॅम्प कितीचाही असो, सह्या कितीही पंचांच्या असोत, नोटरीचा शिक्का फक्त ‘या माणसांनी माझ्यासमोर सही केली’ एवढंच सांगतो.

कलम 29(2) ने रूढीने होणारा काडीमोड राखून ठेवला आहे, हे खरं. पण आपल्या समाजात अशी रूढी जुनी, सलग आणि सर्वमान्य आहे हे जो म्हणतो त्याला ते कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरू शकतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हाही होतो. तो कागद फेकू मात्र नका. दोघं कधीपासून वेगळे राहतात, काय देणं-घेणं झालं, याचा पुरावा म्हणून तो कामाला येतो. आदिवासी समाजासाठी उत्तर वेगळं आहे, प्रश्न १९ पाहा.

२. आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला कोणता कायदा?

हिंदू विवाह कायदाच. बौद्ध, जैन आणि शीख त्यातच येतात. ख्रिस्ती जोडप्यांना 1869 चा घटस्फोट कायदा लागतो. त्यात परस्पर संमतीचं कलम 10-अ हे 2001 मध्ये आलं आणि त्याच्या मजकुरात वेगळं राहण्याची मुदत दोन वर्षं आहे. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा 1954 खाली लग्न केलं असेल तर धर्म कोणताही असो, तोच कायदा. मुस्लिमांसाठी प्रश्न २० पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं पोटगीचं कलम 144 (प्रश्न ८ पाहा) आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मात्र सगळ्यांना सारखाच.

३. माहेर शिरपूरचं, लग्न अमळनेरला झालं, संसार सुरतेला. केस कुठे टाकायची?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लग्न जिथे लागलं, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले, किंवा समोरचा माणूस जिथे राहतो, तिथे. 2003 पासून बायकोला आणखी एक मुभा आहे : ती सध्या जिथे राहते तिथेही ती अर्ज करू शकते. म्हणजे या ताईंना शिरपूरच्या हद्दीतलं कोर्ट, अमळनेर आणि सुरत असे तिन्ही रस्ते मोकळे आहेत. सुरतेच्या खेपा घालायची गरज नाही.

जळगावला कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द नाही तिथे घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. नवऱ्याने आधीच सुरतेला केस टाकली असेल तर ती महाराष्ट्रात वर्ग करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, कारण राज्य बदलतं. जळगावहून धुळ्याला किंवा धुळ्याहून नंदुरबारला न्यायची असेल तर तो अधिकार उच्च न्यायालयाकडे, आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठाकडे.

४. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मग?

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. साधा अर्ज, आधार कार्ड आणि असतील ते कागद न्यायचे. फोनवर विचारायचं असेल तर 15100. घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. कोणी ‘कोर्ट फीचे इतके’ म्हणून पैसे मागितले तर ताई, पावती मागा.

५. दोघं राजी आहोत. मग सहा महिने कशाला थांबायचं?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब मध्ये दोन टप्पे आहेत. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून नांदत नसणं. एकाच घरात दोन चुली असल्या तरी चालतं. मग अर्ज, आणि त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन ‘हो, हवाच आहे’ असं सांगणं.

मधले सहा महिने माफ होऊ शकतात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुदत सक्तीची नाही. दोघं दीड वर्ष किंवा जास्त वेगळे असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, ताबा, देणी-घेणी खरोखर मिटली असतील तर कोर्ट ती माफ करू शकतं. अर्ज दाखल होऊन आठवडा झाला की तशी विनंती करता येते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन मोकळं होणं शहाणपणाचं नाही आणि सगळी बाकी ठेवणंही नाही. थोडी आधी, उरलेली दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर.

६. तो (किंवा ती) राजीच नाही. एकट्याने घटस्फोट मिळतो का?

मिळतो, पण कारण सिद्ध करावं लागतं. कलम 13 मधली नेहमीची कारणं म्हणजे क्रूरता (मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही), दुसऱ्याशी शरीरसंबंध, दोन वर्षं विनाकारण टाकून देणं, धर्मांतर, सोबत राहणं अशक्य होईल असा मानसिक आजार, आणि सात वर्षं ठावठिकाणा नसणं. कुष्ठरोग हे कारण 2019 मध्ये काढून टाकलं. जुनी पुस्तकं पाहून अजून काही जण ते विचारतात.

‘आमचं पटतच नाही, लग्नात काही राम उरला नाही’ हे कारण कलम 13 मध्ये नाही. त्या आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार 2023 च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम 142 खाली स्वतःकडे ठेवला आहे. धुळ्याचं कोर्ट तो वापरू शकत नाही.

७. लग्नाला आठ महिनेच झाले.

कलम 14 प्रमाणे लग्नानंतर वर्षाच्या आत घटस्फोटाचा अर्ज घेतला जात नाही. अतोनात हाल होत असतील तर कोर्टाची परवानगी काढून करता येतो. पोटगी आणि हिंसाचाराच्या अर्जाला ही अट नाही. मार खाऊन वर्ष मोजत बसू नका.

८. घटस्फोट नको आहे, फक्त खावटी हवी. मिळते का?

मिळते. पूर्वीचं ‘एकशे पंचवीस’ म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, 1 जुलै 2024 पासून. ऐपत असून नवरा सांभाळत नसेल तर बायको आणि अज्ञान मुलं तिथे अर्ज करू शकतात, राहत्या गावच्या हद्दीतच. घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही यात ‘पत्नी’च धरली जाते. निकालाआधीची तात्पुरती पोटगी नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत ठरवावी असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. त्यामुळे अर्ज दाखल करण्यात उशीर करू नका.

दुसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005. त्यात पैशाबरोबर संरक्षण, राहण्याचा हक्क आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. सासरचं घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. दोन्हीकडे अर्ज करता येतो, पण एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि ती वळती होते.

९. पोटगीचा काही ठरलेला हिशोब आहे का? पगाराचा पाव भाग म्हणतात.

ठरलेलं सूत्र नाही. 2017 च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाती येणाऱ्या पगाराच्या 25 टक्के रक्कम वाजवी मानली. तेव्हापासून तो आकडा तोंडोतोंडी नियम झाला. कोर्ट दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलांचं शिक्षण, आजारपण, नवऱ्यावर अवलंबून असलेले आई-वडील हे सगळं पाहतं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्या प्रतिज्ञापत्राला हलक्यात घेऊ नका. अर्धी केस तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

१०. नवरा म्हणतो, ‘मनाकडे पैसा नहीत, वावर बाच्या नावावर शे.’ आता काय?

हे खान्देशातलं ठरलेलं उत्तर आहे, आणि कोर्टांनाही ते पाठ आहे.

पगारदाराची पगारपत्रक मागवली की काम होतं. शेतकऱ्याचं उत्पन्न तुकड्यातुकड्याने दाखवावं लागतं. सातबारा आणि 8-अ काढा. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना 12 मध्ये, कोणत्या हंगामात कोणतं पीक किती क्षेत्रावर होतं ते लिहिलेलं असतं. तिथे चार एकर केळी दिसत असेल तर ‘कोरडवाहू आहे, काही पिकत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. विकास सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज कोणाच्या नावावर आहे, ठिबकचं अनुदान कोणी घेतलं, ट्रॅक्टर कोणाचा, कापूस कोणत्या जिनिंगला गेला आणि पैसे कोणत्या खात्यात आले, हे सगळं उत्पन्नाचाच पुरावा आहे. तुम्हाला मिळत नसेल तो कागद कोर्टामार्फत मागवता येतो.

वडिलोपार्जित जमीन सासऱ्याच्या नावावर असली म्हणून मुलाचा हिस्सा जात नाही. आणि खरंच काही नसेल तरी धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना, बायको-पोरांना सांभाळलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा सांगितलं.

आणखी एक चाल : नोटीस पोहोचली की भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायची. फेरफार उतारा काढा, त्यावर तारीख असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 च्या कलम 28 प्रमाणे, पोटगीच्या हक्काची माहिती असताना किंवा फुकटात जमीन घेणाऱ्याविरुद्धही तो हक्क बजावता येतो.

शेतकऱ्यांच्या बाजूनेही एक बोलायला हवं. केळीचा पैसा कापणीला येतो आणि कापसाचा दिवाळीनंतर. दरमहा पाच तारखेला रोख भरणं काहींना खरोखर जड जातं. अशा वेळी तडजोडीत पीक निघाल्यावर सहा महिन्यांचे एकदम भरण्याची अट घालून घेता येते. ती लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

११. हुकूम झाला, पण तो भरत नाही.

वसुलीचा अर्ज करा, ज्याला कोर्टात दरखास्त म्हणतात. कलम 144 च्या हुकमात वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायला हवा. ‘साठू द्या, मग एकदम मागू’ असं केलं की जुने महिने हातचे जातात. कैद भोगली म्हणून पैसे माफ होत नाहीत. नोकरदाराच्या पगारातून परस्पर कपात मागता येते. नवरा पुण्याला किंवा सुरतेला असेल तर तो जिथे आहे तिथल्या कोर्टातही हुकूम बजावता येतो.

१२. बायको अंगणवाडीत कामाला आहे. तरी पोटगी द्यायची? आणि नवऱ्याला मागता येते का?

ती कमावते म्हणून हक्क आपोआप जात नाही. कमाई तिच्या पूर्वीच्या राहणीमानाला पुरते का ते पाहतात. चांगला पगार असेल तर रक्कम कमी होते किंवा तिच्यासाठी नाकारलीही जाते, मुलांची मात्र राहते. नवऱ्याला कलम 144 खाली मागता येत नाही. पण हिंदू विवाह कायद्याची कलमं 24 आणि 25 दोघांनाही खुली आहेत. बायको नोकरीला आणि नवरा अंथरुणाला खिळलेला, अशा ठिकाणी ती उपयोगी पडतात.

१३. बायको नांदायला येत नाही. पोलिसांकडून आणता येईल का?

नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली नांदण्याचा दावा करता येतो, पण दावा जिंकला तरी कोणी तिला ओढून आणत नाही. वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर दोघांपैकी कोणालाही त्या आधारावर घटस्फोट मागता येतो, एवढाच त्याचा खरा उपयोग. ‘नांदायला येत नाही म्हणून पोटगी बंद’ हेही सरसकट खरं नाही. न येण्याला सबळ कारण असेल तर असा हुकूम असतानाही पोटगी मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे.

१४. पोरगं पाच वर्षांचं झालं की बापाकडेच जातं ना?

असा नियम नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 च्या कलम 6 मध्ये एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. पाच पूर्ण झाली की बापाकडे द्या, असं पुढचं वाक्य त्यात कुठेही नाही. ते पंचांनी जोडलं. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर. म्हणजे शाळा कुठे चालू आहे, दिवसभर कोण सांभाळतं, भावंडं एकत्र राहतील का, घरात दारू-मारहाण आहे का. आईकडे पैसा कमी हे ताबा नाकारायला पुरेसं कारण नाही. त्याचसाठी बापाकडून पोटगी असते. बापही जिंकतात, जिथे मूल वर्षानुवर्षं त्यांच्याकडे रुळलेलं असतं तिथे.

ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं त्या हद्दीतल्या कोर्टात, पालक व पाल्य कायदा 1890 खाली. घटस्फोटाची केस चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर बदलून मागता येतो.

१५. ताबा आईकडे. बापाला भेटू द्यायचं की नाही?

द्यायचं. भेट हा मुलाचाही हक्क आहे. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत.

भांडण होतं ते मोघम मजकुरावरून. ‘सणासुदीला मूल पाठवावे’ असं लिहिलं की पहिल्याच आखाजीला फौजदारापर्यंत प्रकरण जातं, कारण आई पोराला घेऊन मामाकडे निघालेली असते आणि आजी तिकडे वाट पाहत असते. समपत्रात (तडजोडीच्या लेखी कागदात) नीट लिहा : दिवाळीचे कोणते दिवस कोणाकडे, मे महिन्याची सुटी कुठून कुठे, आखाजी एका वर्षी इकडे तर दुसऱ्या वर्षी तिकडे, श्रावणात कानबाई बसते त्या रविवारी मूल कोणाच्या घरी. मूल घ्यायला कोण येणार, कुठे, किती वाजता. बाप बाहेरगावी असेल तर व्हिडिओ कॉलचा वार आणि वेळ. हे लिहिताना वकिलाला कंटाळा येईल. येऊ द्या.

१६. आठवडी बाजाराच्या दिवशी नवऱ्याने शाळेतून मूल उचलून नेलं. पोलिस म्हणतात, ‘बापच आहे, गुन्हा कसला?’

बापही नैसर्गिक पालक असल्याने, ताब्याचा हुकूम नसेल तर पोलिस सहसा अपहरणाचा गुन्हा नोंदवत नाहीत. तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, तारीख पुढे उपयोगी पडते. मग न्यायदंडाधिकाऱ्याकडे हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा, किंवा कौटुंबिक न्यायालयात अंतरिम ताबा मागा. मूल तान्हं असेल किंवा लपवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मूल कोर्टासमोर हजर करायला लावण्याची, याचिका करता येते. वेळ घालवू नका. मूल सहा महिने तिकडच्या शाळेत बसलं की ‘ते आता इथे रुळलंय’ हाच त्यांचा मुद्दा होतो. परत उचलून आणण्याचा उद्योगही करू नका, ताबा मागणाऱ्याची बाजू त्यानेच पडते.

१७. कोर्ट मुलाला विचारतं का?

मूल समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर विचारतं, बहुधा न्यायाधीशांच्या दालनात, आई-बापाला बाहेर ठेवून. ठरावीक वय कायद्यात नाही. मुलाचं म्हणणं ऐकतात, पण ते बंधनकारक नसतं. मोबाइल आणि सायकल घेऊन देऊन पढवलेलं मूल ओळखायला न्यायाधीशांना फार वेळ लागत नाही.

१८. लग्नातलं सोनं आणि भांडी सासरी राहिली. नवऱ्याच्या जमिनीत हिस्साही मिळतो का?

तिला मिळालेले दागिने आणि वस्तू हे स्त्रीधन, त्याची मालक तीच. ते अडवून ठेवणं फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं. सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो आणि रुखवताची यादी जपून ठेवा. घटस्फोटाने नवऱ्याच्या जमिनीत आपोआप हिस्सा मिळत नाही, मिळते ती पोटगी. मुलांचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मात्र आई-बापाच्या घटस्फोटाने तसूभरही कमी होत नाही.

१९. आम्ही पावरा आहोत, धडगावकडचे. आमचं पंचांनी मिटवलं, देज (वधूमूल्य) परत केलं. कोर्टात जावं लागेल का?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 2(2) प्रमाणे, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणून भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांच्यात रूढीने झालेला काडीमोड वैध असू शकतो. अडचण पुढे येते, नोकरीच्या कागदांत, पेन्शनमध्ये, दुसऱ्या लग्नाच्या वेळी. तेव्हा पंचांच्या निवाड्याची लेखी नोंद, तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि देज कोणी कोणाला किती परत केलं हे लिहून ठेवा. गरज पडली तर ‘आमचं लग्न रूढीने मोडलं आहे’ असं कोर्टाकडून जाहीर करून घेता येतं.

पंचांनी ‘तुला खावटी नाही’ म्हटलं म्हणून कलम 144 चा हक्क जात नाही. ताबाही पालक व पाल्य कायद्याखाली मागता येतो. आणि कोणत्याही समाजाच्या पंचायतीने दंड ठोकला, वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

२०. नवऱ्याने फोनवर तीनदा तलाक म्हटलं. मी आता काय करू?

तुमचं लग्न मोडलेलं नाही. ऑगस्ट 2017 च्या निकालाने आणि 2019 च्या कायद्याने एका दमात दिलेला तलाक रद्दबातल आहे आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात स्वतःसाठी व मुलांसाठी निर्वाह भत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा मागण्याची तरतूद आहे. तुम्हालाच वेगळं व्हायचं असेल तर ‘खुला’ (बायकोच्या मागणीवरून होणारा घटस्फोट), दोघांच्या संमतीने मुबारत, किंवा 1939 च्या कायद्याखाली कोर्टात अर्ज. दोन वर्षं पोसलं नाही, चार वर्षं ठावठिकाणा नाही, ही त्यातली कारणं. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण पोटगीचं कलम खुलं आहे, असं जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

२१. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं. आता मी एकोणीसची आहे. घटस्फोटच घ्यावा लागेल का?

नाही, तुम्ही लग्नच रद्द करून मागू शकता. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 च्या कलम 3 प्रमाणे सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. पुन्हा लग्न होईपर्यंत निर्वाहाचा खर्च मागता येतो. मूल असेल तर ते औरसच राहतं. मुदत गेली तर मग घटस्फोट.

२२. गुजरातमधून एकतर्फी घटस्फोटाचा हुकूम आला. मला समन्सच मिळालं नव्हतं.

समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हुकूम कळल्यापासून 30 दिवसांत त्याच कोर्टात तो रद्द करण्याचा अर्ज करा. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, कोणी खोटी सही केली, हे दाखवायला माहेरचं रेशन कार्ड आणि मुलाच्या शाळेचं बोनाफाईड कामाला येतं. त्याने लगेच दुसरं लग्न ठरवलं असेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. वादाच्या निकालानंतर अपिलाची मुदत 90 दिवस असते आणि तोपर्यंत थांबायचं असतं. संमतीच्या हुकमाला अपील नसल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

२३. पहिलं लग्न लपवून माझ्याशी लग्न केलं. मी ‘कायद्याने बायको नाही’ म्हणतात.

पहिली बायको असताना केलेलं लग्न रद्दबातल, हे खरं. पण फसवून लग्न केलेल्या स्त्रीला तो माणूस स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेऊन पोटगी नाकारू शकत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे ठरवलं. अशा लग्नाची मुलं औरस मानली जातात आणि आई-बापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो.

२४. चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग चालतं का?

नवरा-बायकोच्या वादात पुरावा म्हणून चालू शकतं, असं जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मूळ फोन जपा, क्लिप कापू-जोडू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. घटस्फोटाच्या केसेसमध्ये बरेच स्क्रीनशॉट या प्रमाणपत्राविना पडून राहतात.

२५. एकरकमी घेऊन ‘पुढे कधी काही मागणार नाही’ असं लिहून दिलं. आता पोरीच्या कॉलेजसाठी मागता येईल का?

स्वतःसाठी पुन्हा मागणं अवघड आहे. पोरीसाठी येतं. आईने सही केली म्हणून मुलीचा हक्क विकला जात नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत, आणि मुलगी अविवाहित असून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तोपर्यंत, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 प्रमाणे आई-बाप दोघांवर जबाबदारी असते. मुलगी अठराची झाली असेल तर अर्ज तिच्या स्वतःच्या नावाने करायचा. त्याला प्रवेशाची पावती, वसतिगृहाचं पत्र आणि जुन्या समपत्राची प्रमाणित नक्कल जोडा. नक्कल हरवली असेल तर ज्या कोर्टात निकाल झाला तिथल्या नक्कल विभागात केस नंबर आणि वर्ष देऊन पुन्हा मिळते.